टहाळा नसलेलं दार

गोवराला औषध नाही. हे एवढं एक वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा स्वतःच्या लेकरांना 'जेवलात का' असंही विचारलं नसेल. समोर दोन कोस चालत आलेली बाई बसलेली असायची, मांडीवर तापानं लाल झालेलं पोर, आणि मी सांगायचे की बाई, यावर गोळी नाही, सुई नाही, घरी ने आणि सांभाळ. तिला वाटायचं, हिच्या कपाटात आहे, पण देत नाही. काही जणी तोंडावर तसं म्हणायच्याही.

या अंकासाठी आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी मला नोकरीतले थरारक अनुभव मागितले. थरार कसला हो त्यात? पाय दुखायचे, तेच जास्त आठवतं. मी मूळची अमरावतीची. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या पुढच्या वर्षी महागावच्या बाजूला एका लहान दवाखान्यात नर्स म्हणून लागले. दवाखाना जनपदाचा, म्हणजे तेव्हाच्या तालुका-सभेचा. डॉक्टर आठवड्यातून एखाद दिवस यायचे, एरवी मी आणि एक शिपाई. बाळंतपणं, जखमा, विंचू, हगवण, सगळं माझ्या अंगावर. शिवाय पाच-सहा गावांची फिरती, ती पायीच, किंवा कोणाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, त्या बाजूला जात असली तर तिच्या मागे पाय सोडून.

बाहेरच्यांना वाटतं, औषध नाही म्हणजे काम नाही. उलटं आहे. औषध असलं की टोचून मोकळं होता येतं. औषध नसलेल्या आजारात लेकराला सांभाळावं लागतं, आणि ते काम नर्स करत नाही, घरातली बाई करते. नर्सनं तिच्या डोक्यात चार गोष्टी घालायच्या. पाणी पाजत राहा, थोडं थोडं. अंगावरचं दूध तोडू नका. कण्या, वरणाचं पाणी, जे घेईल ते द्या. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसा. कांजिण्या असतील तर नखं कापा, नाहीतर पोर खाजवून फोड पिकवतं. गालफुगी असेल तर आंबट आणि चावायचं देऊ नका. दुसरी लेकरं आणि पोटुशा बाया जवळ येऊ देऊ नका. आणि श्वास भराभर चालला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, पोर पाणी घेईना, हाकेला डोळे उघडेना, तर घरी बसू नका, दमणी जुंपा. झाली सगळी विद्या. ही एवढीशी विद्या लोकांच्या गळी उतरवता उतरवता माझे केस पांढरे झाले.

कारण आमच्या भागात यातल्या बऱ्याचशा आजारांना आजार म्हणतच नसत. गालफुगीचं एक ठीक होतं, तिला कोणी देव मानत नसे. एका शाळेत तर मास्तरच गालाला हळद-चुना थापून पाढे घेताना मी पाहिले, आणि समोर निम्मा वर्ग तसाच थापलेला. पण अंगावर पुरळ उठलं की ती माता. देवी असो, गोवर असो, कांजिण्या असोत, माता अंगात उतरली म्हणायचं. मग घरात फोडणी बंद, दाढी बंद, वेणीफणी बंद, सुई तर नावालाही नको. पोराच्या अंगावरून कडुलिंबाचा पाला फिरवायचा. दाराला लिंबाचा टहाळा बांधायचा. टहाळा दिसला की गावातलं कोणी त्या घरात पाऊल टाकत नसे. फारच गरज पडली तर उंबऱ्याशी ठेवलेल्या पाण्यानं पाय धुऊन आत जायचं.

पहिल्या वर्षी मी या सगळ्यावर फार चिडायचे. नवीन शिकून आलेली होते ना. पुढे एक गोष्ट लक्षात आली. कोणी बाहेरचा आत येत नाही, लेकरं एकमेकांत खेळत नाहीत, म्हणजे आम्हाला शिकवताना जे सांगितलं होतं तेच तर हे लोक करत होते. टहाळा बांधेपर्यंत निम्मं काम गोवरानं उरकलेलं असायचं, कारण तो पुरळ उठायच्या आधीपासूनच पसरतो. पण उरलेलं निम्मं तरी तो टहाळा वाचवायचा. माझं शंभर वेळा ओरडून सांगणं एका बाजूला आणि दारावरचा लिंबाचा पाला एका बाजूला. लोक पाल्याचं ऐकायचे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी फाल्गुनात गोवर आला. आधी पाटलाच्या घरी, त्यांच्या नातवाला. दाराला टहाळा होता. मी पाय धुऊन आत गेले. खोलीत अंधार, खिडकीला घोंगडी लावलेली. पोराची जीभ कोरडी ठक्क, ओठ फुटून रक्त आलेलं. पाणी का देत नाही विचारलं, तर पाटलीणबाई म्हणाल्या, थंड पाण्यानं गोवर आत दबतो, माता रुसते. ओठ ओले करण्यापुरतं देतो. आता त्यांना मी जंतू आणि ताप आणि अंगातलं पाणी समजावत बसले असते, तर त्यांनी मला चहा पाजून मानानं वाटेला लावलं असतं. पोर मात्र गेलं असतं.

मी म्हटलं, "पाटलीणबाई, उन्हातून पाहुणी आली तर तुम्ही आधी काय देता?"

"पानी."

"मग ही पाहुणी आली आहे ती पिणार कोणाच्या तोंडानं?"

त्यांनी नातवाच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग स्वतः उठल्या, तांब्या घासून आणला, त्यात लिंबाचं एक पान टाकलं आणि नातवाला चमच्यानं पाणी पाजायला लागल्या. दोन दिवसांनी कण्या सुरू झाल्या. पोर उठून बसलं. पुढे मोठा झाला, लग्न झालं, मी वऱ्हाडात जेवून आले. या युक्तीचा मला तेव्हा अभिमान होता, आणि लपवायचं कशाला, आजही आहे. मी खोटं बोलले का? देवीला तहान लागते की नाही ते मला माहीत नाही. पोराला लागते.

पण गाव म्हणजे गाव. सिस्टरबाईनं पाटलाच्या घरी मातेला पाणी पाजलं, ही बातमी माझ्या आधी सगळीकडे पोचायला लागली. बौद्धपुऱ्यातही पोचली.

बौद्धपुरा गावाच्या उगवतीला. तिथल्या घरांनी दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले होते. त्यात पुढे होता सुखदेव. सातवी शिकलेला, पुऱ्याला पेपर वाचून दाखवणारा, बोलायला सरळ आणि तोंडाचा थोडा तिखट. घरात बायको पंचफुला, म्हातारी आई भागामाय, आणि दीड-दोन वर्षांची सुजाता. दीक्षेनंतर पुऱ्यात जन्मलेलं ते पहिलं लेकरू. नाव सुखदेवनं ठेवलेलं. सगळा पुरा त्या पोरीला उचलून फिरायचा, तिचे पाय जमिनीला लागतच नसत.

ती तापली म्हणून मला बोलावणं आलं. गेले तर पोरीचे डोळे लाल, नाक वाहतंय, कानामागून पुरळ उतरायला लागलेलं. गोवरच. सुखदेवनं मला बसायला बाज टाकली आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"बाई, तुमी पाटलाच्या घरी मातेले पानी पाजलं म्हनते. आता आमच्याकडं काय सांगान?"

मी म्हटलं, भाऊ, तुम्हाला जे आहे तेच सांगते. आणि सांगितलं. हा रोग आहे, खोकल्यातून, श्वासातून जातो, देवीबिवी काही नाही, औषध नाही, सांभाळणं हेच औषध. तो माणूस एकेक गोष्ट कान देऊन ऐकत होता. पाणी उकळतो म्हणाला, लगेच चूल पेटवायला लावली. खिडकी उघडीच होती. दूध तोडणार नाही, डोळे पुसू, सगळं कबूल. मला वाटलं, देवा, सगळी घरं अशी असती तर माझे पाय तरी वाचले असते.

पण घर माणसांनी भरलेलं. पुऱ्यातल्या बाया सुजाताला पाहायला आलेल्या, प्रत्येकीच्या कडेवर एकेक लेकरू. दोन तर तान्ही. संध्याकाळची बुद्धवंदनाही त्याच घरात व्हायची, सगळी पोरं समोर मांडी घालून बसायची. मी म्हटलं, भाऊ, ही ये-जा बंद करा. दाराला टहाळा लावा.

त्याचा चेहरा एकदम दगड झाला. मी घाईनं म्हटलं, देवीचा नव्हे हो, खुणेचा. लोकांना कळावं म्हणून. तेव्हा त्यानं मला जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. पूर्वी गावात रोगराई आली की गाव मातेची टोपली भरायचा. हळद-कुंकू, लिंबू, दहीभात, वर लिंबाचा पाला. गावातला सगळा रोग त्या टोपलीत उतरला असं समजायचं, आणि ती टोपली डोक्यावर घेऊन शिवेबाहेर टाकून यायचं काम पुऱ्यातल्या लोकांच्याच माथी. कितीतरी वर्षं ती टोपली भागामायच्या डोक्यावर असायची. ती निघाली की वाटेवरची दारं लागायची. परत येताना तिला कोणी घोटभर पाणीही द्यायचं नाही, कारण ती रोग सोडून आलेली.

"त्या पाल्याखाली माह्या मायनं गावाचा रोग डोक्यावर वाह्यला, बाई," तो म्हणाला. "तो पाला माह्या दाराले नाही लागाचा."

मला राग आला होता, खरं सांगते, पण कोणाचा ते कळत नव्हतं. पाटलाच्या घरात देवीमुळे पोराला पाणी मिळत नव्हतं आणि टहाळा होता. इथे पाणी होतं, दूध होतं, खिडकी उघडी होती, आणि देवीबरोबर टहाळाही नदीत गेला होता. दोन घरांमध्ये हाकेचं अंतर. दोघांची निम्मी निम्मी अक्कल एकत्र केली असती तर माझी गरजच नव्हती. मी थकून म्हटलं, बरं, टहाळा नको, दुसरं काहीतरी करा, पण लोक थांबवा.

त्यानं खरोखर केलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर दारावर कोळशानं सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'रोगी आहे. आत येऊ नये.' आणि आत बायांची ही गर्दी. झालं होतं असं की पुऱ्यात वाचता येणारा मोठा माणूस एकच, तो म्हणजे सुखदेव. बाया यायच्या, दारावर काय लिहिलं म्हणून कौतुकानं अक्षरांवरून हात फिरवायच्या आणि काय लिहिलंय ते विचारायला आत जायच्या. मला हसूही आलं आणि रडूही. सुखदेव आला तशी मी त्याला ते दाखवलं. तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. मग पुऱ्यात घरोघर जाऊन सांगतो म्हणाला, सांगूनही आला. पण आजारी लेकराला पाहायला न जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. तोंडानं 'हो हो' म्हणत बाया येतच राहिल्या.

हे सगळं भागामाय कोपऱ्यात बसून पाहत होती. टहाळ्यावरून लेकाशी ती एका शब्दानं भांडली नव्हती. ती उठली, पोतं उचललं, उंबऱ्यात पसरलं आणि दार अडवून बसली.

"मी बसतो इथं," ती मला म्हणाली. "लोकाइले पाला समजते, अक्षर समजत नाही. म्हातारी तं समजन."

मी तिला एक अट घातली. दारात सगळ्यांशी बोलणार, कोणाचं लेकरू हातात घेणार, तर आत जाऊन सुजाताला हात लावायचा नाही. नियम म्हणून सांगितलं, आणि तिनं तो पाळला. जेवण तिथं, झोप तिथं. आतून पोर 'आजी' म्हणून रडायची, आणि ही पाठ तिकडे करून बसल्या जागेवरून तिच्याशी बोलायची, तुह्या चिमण्या आल्या, तुही मांजर आली, असं काहीबाही. कोणी बाई लेकरू घेऊन आली की काठी आडवी. एकदा मी समोरच होते. शेजारची बाई दबक्या आवाजात म्हणाली, भागामाय, देव तं सोडले ना तुमी, मंग हे काहून? घरात माता बसली का?

"अंदर माता नाही," भागामाय म्हणाली. "माही नात हाये. तरी येऊ नोको."

ती बाई वळून गेली. त्यानंतर कोणी आत आलं नाही. वंदना झाडाखाली व्हायला लागली. नोकरीत पुढे मी पुष्कळ फलक पाहिले, रंगीत चित्रांचे पाहिले, सरकारी गाड्यांवर भोंगे लावलेले पाहिले. दार बंद करणारं इतकं पक्कं माणूस पाहिलं नाही.

पुऱ्यात आणखी दोघा-तिघांना गोवर निघाला. ती पोरं आधीच्या गर्दीतली, मोठी होती, निभावली. दोन्ही तान्ही वाचली. मला बरं वाटायला लागलं होतं. सुजाताचं पुरळ काळपट पडून उतरत होतं, ताप कमी होता. मग ताप पुन्हा चढला. मी गेले तेव्हा पोरीच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि बरगड्यांखाली खड्डा पडत होता. छाती भरली होती. गोवर स्वतः मारतो त्यापेक्षा त्याच्या मागून येणारं हेच जास्त मारतं. पंचफुलाला मी ही खूण सांगून ठेवली होती, तिनं ओळखली, तिनंच मला बोलावणं धाडलं होतं. तिचं काही चुकलं नाही. दमणी जुंपली, तिथून मोटार, पुसदचा दवाखाना. मी बरोबर गेले. तिथल्या लोकांनी पेनिसिलीन टोचलं, जे करायचं ते सगळं केलं. पोर दुसऱ्या दिवशी दुपारी पंचफुलाच्या मांडीवर गेली.

आम्ही परत आलो तर भागामाय उंबऱ्यात तशीच बसलेली. दमणीतून उतरणाऱ्या सुनेच्या हातातलं गाठोडं तिनं पाहिलं. ती उठली आणि बाजूला झाली, पंचफुला आत गेली. माती झाली त्या दिवशी सगळा पुरा आला, पाटलीणबाईही वेशीपर्यंत आल्या. मोठ्या माणसांना भागामायनं आत सोडलं. लेकरू कडेवर घेऊन आलेल्या बाईला मात्र त्या दिवशीही परत पाठवलं, हे घरी ठेव, मंग ये, म्हणून. मी हे पाहून भिंतीआड गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. नर्सनं लोकांसमोर रडायचं नसतं असं तेव्हा शिकवत.

आता गोवराची लस आहे. माझी नोकरी संपायच्या आधी ती आली. लेकराला टोचताना प्रत्येक वेळी मला सुजाता आठवायची. आया म्हणायच्या, बाई, हळू टोचा. हळूच टोचायचे मी.

पण सांगायचं ते हे नाही. सुजाता गेल्यानंतरच्या फेरीला मी बौद्धपुऱ्यात गेले. भागामाय दारातच होती, आता काठी नव्हती, पोतंही नव्हतं. मला बसवलं, पाणी दिलं. मग इकडेतिकडे पाहून विचारलं.

"बाई, एक सांग. टहाळा बांधला असता तं पोरगी वाचली असती का?"

मी म्हटलं, नाही, माय. टहाळा बाहेरच्यांना वाचवतो. आतल्याला त्याचा उपयोग नाही. रोग तिला आधीच लागलेला होता.

तिनं मान हलवली. "मले मालूम होतं. हेच सुखदेवले सांग. तो इचारत नाही, पन त्याच्या मनात हाये. रोज दाराकडं पाह्यते."

सुखदेव वावरात पऱ्हाट्या उपटत होता. कापूस वेचून संपला की वाळलेली झाडं उपटून ढीग लावतात, त्याच त्या पऱ्हाट्या. उन्हाचं मला तिथवर चालत जावं लागलं. मी त्याला आईनं विचारलं वगैरे काही सांगितलं नाही. म्हटलं, भाऊ, टहाळा बांधला असता तरी सुजाता वाचली नसती. तुमचं काही चुकलं नाही. तो ऐकत होता. मग कंबर सरळ करून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे खरं सांगून राह्यल्या, का पाटलीनबाईले सांगतलं तसं?"

पाटलीणबाईला जे सांगितलं त्यानं एक पोर जगलं, ते मला आजही परत घ्यायचं नाही. पण त्या वावरात, त्या बापापुढं, मला माझा शब्द पुरा हवा होता, आणि तो पुरा राहिलेला नव्हता. "खरं सांगते, भाऊ," एवढंच मी म्हणाले. मला जेवढं माहीत होतं तेवढं ते खरंच होतं. तो 'बरं' म्हणाला आणि पुढच्या पऱ्हाटीला त्यानं हात घातला. पटलं की नाही, मला त्याच्या पाठीवरून काही कळलं नाही.

परतीची वाट पुऱ्यावरूनच होती. भागामाय दारात उभी होती.

"सांगतलं?"

"सांगितलं."

"मानलं त्यानं?"

"मानलं, माय," मी म्हटलं.